पीपॅकमधलं भाड्याचं घर : 'गायडिंग लाइट'चं शेवटचं दीड वर्ष

न्यू जर्सीत पीपॅक नावाचं एक छोटं गाव आहे. मॅनहॅटनमधून गाडी काढली की तास-सव्वा तासात पोहोचता येईल असं. झाडी, चर्च, एक मुख्य रस्ता. २००८ च्या सुरुवातीला तिथलं एक घर एका टीव्ही मालिकेच्या निर्मात्यांनी भाड्याने घेतलं आणि खोल्या वाटून टाकल्या. ही अमक्या कुटुंबाची बैठक, ती तमकीची झोपायची खोली, अंगणात गावजेवण. २९ फेब्रुवारी २००८ पासून अमेरिकेतल्या प्रेक्षकांना ही नवी घरं दिसायला लागली.

आपल्याकडे यात बातमी काहीच नाही. घोडबंदर रोडला नाहीतर मढला बंगला भाड्याने घ्यायचा, खालच्या मजल्यावर नायकाचं घर, वरच्या मजल्यावर खलनायिकेचं, गच्चीवर हॉस्पिटलचा पडदा लावून आयसीयू, हे आपल्या डेलीवाल्यांच्या अंगवळणी पडलेलं आहे. मी काही वर्षं मालिकांचे संवाद लिहिलेत, त्यामुळे एकाच जिन्यावर तीन कुटुंबांची भांडणं लावण्याचं पाप माझ्याही नावावर आहे. पण ज्या मालिकेने हे घर घेतलं ती साधी नव्हती. 'गायडिंग लाइट' १९३७ पासून चालू होती. आधी रेडिओवर, मग टीव्हीवर. इतकी वर्षं स्टुडिओत बनलेल्या मालिकेला एकाहत्तराव्या वर्षी घर सोडून गावात यावं लागलं, आणि त्यानंतर ती जेमतेम दीड वर्ष टिकली.

मालिका बंद पडली की आपण म्हणतो, 'ट्रॅक फसला', 'पाणी घातलं'. 'गायडिंग लाइट'ने पाणी भरपूर घातलं, त्यात वाद नाही. १९९८ मध्ये या मालिकेने आपल्या नायिकेचा क्लोन बनवून दाखवला होता. तरीही ती गोष्टीमुळे मेली असं मला वाटत नाही. तिचा जीव मालकीच्या कागदात अडकला होता, आणि तो कागद समजून घ्यायला थेट १९३० च्या शिकागोत जावं लागतं.

फुकट गेलेली पहिली मालिका

अर्ना फिलिप्स ही शिकागोची. ओहायोतल्या डेटनमध्ये शिक्षिका होती, नंतर शिकागोला परतून 'डब्ल्यूजीएन' या रेडिओ स्टेशनवर काम करायला लागली. १९३० च्या ऑक्टोबरमध्ये तिथे तिची 'पेंटेड ड्रीम्स' सुरू झाली. एक आयरिश विधवा आई, तिची मुलं, रोजचे प्रश्न. आईचं काम फिलिप्स स्वतःच करायची. दिवसा लागणाऱ्या रोजच्या मालिकांचा वंश जिथून सुरू होतो, त्यातली ही अगदी पहिल्यांतली.

मालिका चालायला लागल्यावर फिलिप्सला ती मोठ्या नेटवर्कवर, म्हणजे देशभर ऐकू जाणाऱ्या स्टेशनांच्या साखळीवर, न्यायची होती. स्टेशन म्हणालं, तुला कामाला ठेवलं आम्ही, तेव्हा गोष्ट आमची. १९३२ मध्ये ती तिथून बाहेर पडली. खटला पुढे कित्येक वर्षं चालला आणि शेवटी ती हरली. तोवर तिने 'टुडेज चिल्ड्रन' नावाची दुसरी मालिका उभी केली होती. तिच्यातली आई पहिल्या आईची सख्खी बहीण वाटावी इतकी सारखी होती, फक्त आता कागद फिलिप्सच्या नावावर होता. लेखकाने एकदा गोष्ट गमावली की पुढची प्रत्येक गोष्ट लिहिताना डावा हात करारावर ठेवायला तो शिकतो. हे अमेरिकेत तसं, तसंच अंधेरीत.

'गायडिंग लाइट' २५ जानेवारी १९३७ ला 'एनबीसी' या नेटवर्कवर सुरू झाली. शिकागोजवळच्या एका काल्पनिक वस्तीत रेव्हरंड रूथलेज नावाचा धर्मोपदेशक राहतो. त्याच्या खिडकीत एक दिवा असतो. कुणी अडचणीत असेल तर दिवा बघून यावं. नाव त्यावरून पडलं. फिलिप्सच्या स्वतःच्या आयुष्यात एक मोठं दुःख होऊन गेलं होतं. एकोणिसाव्या वर्षी तिचं मूल मृत जन्मलं, मुलाचा बाप आधीच निघून गेला होता. त्या दिवसांत एका धर्मोपदेशकाच्या रेडिओवरच्या प्रवचनांनी तिला आधार दिला. खिडकीतला तो दिवा तिथून आला.

पैसे साबणाचे होते. सिनसिनाटीच्या 'प्रॉक्टर अँड गॅम्बल'चा म्हणजे पी अँड जीचा 'व्हाइट नॅप्था' नावाचा कपड्यांचा साबण. टाइड आणि एरियलची हीच कंपनी. दुपारी घरकाम करणारी बाई रेडिओ ऐकते, तिच्याच हातात साबण असतो, तेव्हा तिला ऐकवायची गोष्ट आपण विकत घ्यावी, असा कंपनीचा सरळ हिशेब. कंपनीने अशा मालिका डझनावारी चालवल्या, आणि वर्तमानपत्रांनी त्यांना 'सोप ऑपेरा' हे कुचेष्टेचं नाव दिलं. नाव इतकं चिकटलं की आज आपण पुण्यात बसून 'डेली सोप' म्हणतो आणि त्यातल्या साबणाचा आपल्याला वासही येत नाही.

एक बारकावा महत्त्वाचा आहे. तेव्हा कंपनी नेटवर्ककडून वेळ विकत घ्यायची आणि त्या वेळात स्वतःचा कार्यक्रम वाजवायची. नेटवर्कचा गोष्टीशी संबंध नाही. 'गायडिंग लाइट' १९३९ मध्ये आणि १९४१ मध्ये अशी दोनदा बंद केली गेली, आणि दोन्ही वेळा श्रोत्यांच्या पत्रांचा ढीग पडल्यावर काही महिन्यांत परत आली. पत्र लिहिणारी प्रत्येक बाई म्हणजे साबणाचं एक गिऱ्हाईक. कंपनीला त्या पत्रांची भाषा लगेच कळायची.

दोन वेळा तेच बोलायचं

टीव्ही आल्यावर फिलिप्स धास्तावली होती. तिची अडचण तंत्राची होती. तिचं सगळं लेखन कानांसाठी होतं. बाई भाजी चिरत असते, इस्त्री करत असते, नजर कामावर आणि कान रेडिओकडे. टीव्ही तिला खुर्चीत बसवणार, मग घर कोण बघणार? १९४९ मध्ये तिने 'दीज आर माय चिल्ड्रन' ही मालिका टीव्हीवर करून पाहिली. ती महिनाभरही टिकली नाही.

मग १९५२ च्या ३० जूनला 'गायडिंग लाइट' सीबीएस या नेटवर्कवर टीव्हीत शिरली. तोपर्यंत मालकी पी अँड जीकडे गेली होती. रेडिओ मात्र लगेच सोडला नाही. पुढची चार वर्षं एकच संहिता दोनदा सादर व्हायची, एकदा टीव्हीसाठी आणि एकदा रेडिओसाठी, तेच कलाकार, तीच वाक्यं. टीव्हीचं तर थेट प्रक्षेपण. एकदा चूक झाली की झाली. पंधरा मिनिटांचा भाग, मागे ऑर्गन, मोजके सेट. १९५६ मध्ये रेडिओ थांबला.

फिलिप्सने टीव्हीसाठी उपाय काय काढला? संवादातच सगळं सांगायचं. "तू दार लावून घेतलंस, म्हणजे तुला माझ्याशी भांडायचंय," अशा धाटणीची वाक्यं. पाठ फिरवून भांडी घासणाऱ्या बाईलाही दार लागलेलं कळलं पाहिजे. आपल्या मालिकांवर 'सगळं बोलूनच दाखवतात' अशी टीका होते, तेव्हा मला ही भांडी घासणारी बाई आठवते. तिला वगळून डेली लिहिता येत नाही.

तोवर रूथलेज मागे पडला होता आणि जर्मनीतून आलेलं बाउर कुटुंब मध्यभागी आलं होतं. बर्ट बाउर ही त्या घरातली सून. चरिटा बाउर या अभिनेत्रीने ती १९५० पासून १९८४ पर्यंत केली. नवऱ्याच्या मागे हट्ट धरणारी, कुरबुरी करणारी तरुण बायको हळूहळू साऱ्या गावाची आजी झाली, आणि बघणाऱ्या बायकाही तिच्याबरोबर म्हाताऱ्या झाल्या. शेवटी शेवटी चरिटा बाउरचा एक पाय आजारामुळे कापावा लागला, तर लेखकांनी बर्टलाही तेच दुखणं दिलं आणि बाईंना कामावर परत आणलं. दर ४ जुलैला बाउरांच्या अंगणात मेजवानी व्हायची. गोष्टीत कुणाचं कुणाशी कितीही फाटलेलं असो, त्या दिवशी सगळे तिथे. प्रेक्षकांसाठी तो घरचा सण होता.

जो शब्द उच्चारायचा नाही

मालकी साबण कंपनीची म्हणजे काय, हे १९६२ च्या एका ट्रॅकवरून समजतं. तेव्हा मालिका अ‍ॅग्नेस निक्सन लिहीत होती, फिलिप्सच्याच हाताखाली तयार झालेली. पुढे 'ऑल माय चिल्ड्रन' आणि 'वन लाइफ टू लिव्ह' तिनेच निर्माण केल्या. तिची एक मैत्रीण गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरने गेली होती. वेळेवर पॅप स्मिअर, म्हणजे तिथल्या पेशींची साधी तपासणी, झाली असती तर वाचली असती. निक्सनला ही तपासणी बर्टच्या गोष्टीत आणायची होती.

नेटवर्क आणि कंपनीने आधी हात वर केले. मग परवानगी दिली, पण अटीवर. 'कॅन्सर', 'गर्भाशय' आणि 'गर्भाशय काढणं' हे शब्द एकदाही उच्चारायचे नाहीत. शब्दांशिवाय हा आजार लिहायचा कसा? निक्सनने लिहिला. डॉक्टर बर्टला सांगतात की तपासणीत काही पेशी नेहमीसारख्या दिसत नाहीत, शस्त्रक्रिया करावी लागेल. घरबसल्या बघणाऱ्या बायकांना समजायचं ते समजलं. कुणी कुणाला नाव घेऊन सांगितलं नाही, तरी हा विषय घरोघरी गेला.

मला हा किस्सा फार आवडतो. त्यात लेखिकेची हुशारी आहे आणि मालकाची भीतीही. कंपनीला आजाराशी भांडण नव्हतं. साबणाची जाहिरात 'कॅन्सर' शब्दाच्या शेजारी लागेल, ही तिची काळजी. चॅनेलच्या क्रिएटिव्हकडून 'हा शब्द नको, सॉफ्ट करा' असा फोन ज्याने घेतलाय, त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

तासाभराचं यंत्र

१९६८ मध्ये मालिका पंधरा मिनिटांची अर्ध्या तासाची झाली आणि १९७७ च्या नोव्हेंबरमध्ये एका तासाची. कागदावर हा सन्मान होता. प्रत्यक्षात हाच पुढचा फास.

तासाचा भाग, आठवड्याला पाच, वर्षाला अडीचशेच्या आसपास. सुट्टी नाही, सीझन नाही. हेड रायटर पुढच्या काही महिन्यांची मोठी गोष्ट लिहितो. ती कंपनी वाचते, नेटवर्क वाचतं, दोघांचे शेरे येतात. मग एक फळी त्याचे रोजचे भाग पाडते, कोणता सीन कुठे, कोण कोणाला भेटतं, जाहिरातीआधी कुठे तोडायचं. दुसरी फळी त्यावर संवाद लिहिते. आपल्याकडे कथा, पटकथा आणि संवाद ही तीन नावं श्रेयनामावलीत दिसतात, तशीच ही उतरंड, फक्त तिथे माणसं जास्त. स्टुडिओत तीन मोठे कॅमेरे, तीन भिंतींचे सेट, वर टांगलेले दिवे, काचेपलीकडे कंट्रोल रूम. उद्याचे सेट उभे करायला रात्रभर कामगार. आजची बाउरांची बैठक मोडून तिथेच उद्याचं हॉस्पिटल.

कलाकारांचे करार कागदावर काही वर्षांचे, पण दर तेरा आठवड्यांनी निर्मात्याला काढून टाकायची मोकळीक. कलाकाराला मात्र मधे सोडता येत नाही. करारात 'आठवड्याला किमान इतके भाग' अशी हमी असते. ती हमी कमी करणं ही बजेट कापायची पहिली पायरी. मग हळूच एखाद्या जुन्या नटाला करारातून काढून 'लागेल तेव्हा बोलावू' या यादीत टाकायचं. प्रेक्षकांना इतकंच जाणवतं की अमुक काका हल्ली दिसत नाहीत. आमच्याकडे याचं रूप जरा घरगुती. निर्मितीवाल्यांचा फोन यायचा, "अहो, आज फॅमिली सीन नका लिहू, चारच आर्टिस्ट बोलावलेत." मग मी आजीला देवदर्शनाला पाठवायचो. त्या मालिकेतल्या आजीने एका वर्षात इतकी देवळं केली की एका प्रेक्षक बाईंनी पत्र लिहून विचारलं, आजी पायी जातात का?

ऐंशीच्या दशकात हे सगळं परवडत होतं. १९८१ मध्ये एबीसी या नेटवर्कवरच्या 'जनरल हॉस्पिटल'मधलं एक लग्न तीन कोटी लोकांनी पाहिलं, असा तो काळ. 'गायडिंग लाइट'लाही रीव्हा शेन मिळाली. किम झिमरने केलेली ही बंडखोर, बेभरवशाची, लग्नांवर लग्नं करणारी बाई. या भूमिकेसाठी तिला चार डे-टाइम एमी, म्हणजे दिवसाच्या कार्यक्रमांसाठीचे मानाचे पुरस्कार, मिळाल्या.

पुढची घसरण सर्वांना माहीत आहे, म्हणून झरझर सांगतो. बायका नोकरीला गेल्या. केबलने चॅनेलं वाढवली. १९९५ मध्ये ओ. जे. सिम्पसन या प्रसिद्ध माजी फुटबॉलपटूवरचा खुनाचा खटला महिनोन्‌महिने दुपारी थेट दाखवला गेला, सोप बाजूला सारल्या गेल्या, आणि सवय मोडलेले प्रेक्षक सगळे परत आले नाहीत. टॉक शो आणि कोर्ट शो फार स्वस्तात बनायला लागले. अनेक स्थानिक स्टेशनांनी 'गायडिंग लाइट' दुपारच्या वेळेवरून उचलून सकाळी नऊ-दहाला टाकली, म्हणजे मालिका तीच, पण शहरागणिक वेळ वेगळी.

आणि कागद उलटा झाला होता. आता जाहिरातींची वेळ सीबीएस विकायचं आणि पी अँड जीला दर भागामागे ठरलेली रक्कम द्यायचं. प्रेक्षक घटले की ती रक्कम घटायची. एबीसीच्या सोप एबीसीच्याच होत्या. तोटा झाला तरी घरातला. 'द बोल्ड अँड द ब्यूटिफुल' परदेशांत जोरात विकली जायची. आपल्याकडे केबल नवी होती तेव्हा स्टार प्लसवर दिसायची तीच. 'गायडिंग लाइट'कडे यांपैकी कुठलीच उशी नव्हती. दाखवणारा एक आणि मालक दुसरा. दाखवणाऱ्याला ती महाग वाटायला लागली होती आणि मालकाचा खरा धंदा कपडे धुण्याचा होता. साबण विकायला आता त्याला या गोष्टीची गरज नव्हती.

चौथी भिंत

आता पीपॅककडे परत येऊ. कार्यकारी निर्माती एलन व्हीलर. ती स्वतः आधी सोपमधली अभिनेत्री होती. तिच्यासमोर दोनच रस्ते होते. बंद करा, नाहीतर कितीतरी स्वस्तात बनवा. तिने दुसरा घेतला, आणि अर्धवट घेतला नाही.

मोठे कॅमेरे गेले. हातात धरायचे लहान डिजिटल कॅमेरे आले. मॅनहॅटनमध्ये तीन भिंतींच्या मोडत्या-जोडत्या सेटऐवजी चार भिंतींच्या, छत असलेल्या, कायमच्या छोट्या खोल्या बांधल्या. मालिकेची कार्यालयं आणि बोळसुद्धा चित्रणाला वापरले. सेट मोडायचा नाही म्हणजे रात्रपाळी नाही. दिवे कमी म्हणजे माणसं कमी. बाहेरचं सगळं पीपॅकमध्ये. गोष्टीतलं स्प्रिंगफील्ड गाव इतकी वर्षं नावापुरतं होतं, त्याला पहिल्यांदा रस्ता, झाडं आणि आकाश मिळालं.

कल्पना वाईट नव्हती, हे मुद्दाम सांगतो. खऱ्या घरात, खऱ्या खिडकीच्या उजेडात घेतलेला सीन सेटवरच्या सीनपेक्षा जिवंत दिसू शकतो. त्याला वेळ द्यावा लागतो, एवढंच. तोच नव्हता. जुन्या पद्धतीत तीन कॅमेरे एकदम चालतात. मास्टर म्हणजे पूर्ण प्रसंगाचा शॉट, एकाचा क्लोज, समोरच्याचा क्लोज, सगळं एका दमात मिळतं. हातातल्या कॅमेऱ्याने तेच करायचं तर फिरावं लागतं, आणि फिरायला चार भिंतींची खोली पुरत नाही. मग कॅमेरा नटाच्या नाकापर्यंत. चित्र हलायला लागलं. बाहेरच्या चित्रणात वारा, गाड्या, संवाद नीट ऐकू येईनात. दोन माणसं चालत चालत बोलताहेत, झाडं मागे जाताहेत, आणि वाक्य अर्धं हवेत. भांडी घासणाऱ्या बाईला आता दार लागलेलं ऐकू येईना.

प्रेक्षक पहिल्या आठवड्यातच चिडले. मालिका घरच्या व्हिडिओसारखी दिसते, हा सूर सगळीकडे. खुद्द किम झिमरनेही पुढे या पद्धतीवर मनातलं सगळं बोलून टाकलं.

माझ्या मते खरी चूक कॅमेऱ्यात नव्हती. डेली बघणारी बाई त्या घरात रोज जाऊन येते. ओटा कुठे, देव्हारा कुठे, जिन्याच्या कोणत्या पायरीवर सासू थांबून ऐकते, तिला पाठ असतं. तीस वर्षं ज्या बैठकीत ती मनाने बसली ती एका शुक्रवारी गायब झाली आणि तिच्या जागी एक अनोळखी, लहान, अंधारी खोली आली. पात्रं म्हणत होती की हे आमचंच घर. तिला ते पटलं नाही. आमच्या एका मालिकेत निर्मात्याने बंगल्याचा करार संपला म्हणून कुटुंबाला दुसऱ्या बंगल्यात हलवलं. आम्ही एका संवादात 'नूतनीकरण केलं' म्हणून वेळ मारून नेली. टीआरपी दोन आठवड्यांत पडला आणि चॅनेलने खापर आमच्या संवादांवर फोडलं. मला अजून वाटतं, ते खापर जिन्यावर फुटायला हवं होतं.

तरी एक गोष्ट व्हीलरच्या बाजूने लिहून ठेवली पाहिजे. वर्षभरात या युनिटचा हात बसत गेला. शेवटच्या काही महिन्यांतले भाग पहिल्या महिन्यातल्या भागांपेक्षा कितीतरी चांगले आहेत, कॅमेरा स्थिर, आवाज स्वच्छ, गाव गावासारखं. शिकायला लागला तेवढा काळ प्रेक्षक थांबले नाहीत, इतकंच. दोनच वर्षांपूर्वी, २००७ मध्ये, याच मालिकेला सर्वोत्तम मालिकेची डे-टाइम एमी 'द यंग अँड द रेस्टलेस'बरोबर विभागून मिळाली होती.

१ एप्रिल

२००९ मध्ये अमेरिकेत दिवसाच्या आठ सोप उरल्या होत्या. प्रेक्षकसंख्येत 'गायडिंग लाइट' आठवी. १ एप्रिलला सीबीएसने ती बंद होणार असल्याचं जाहीर केलं. तारीख बघून अनेकांना आधी थट्टाच वाटली.

मालकाने दुसरं घर शोधून पाहिलं. मिळालं नाही. तासाभराची, रोजची, शेकडो माणसांचा संसार असलेली मालिका कुणाला हवी होती? प्रेक्षकांनी पत्रं लिहिली, ईमेल केले, मोहिमा काढल्या. १९३९ मध्ये हीच गोष्ट चालली होती. तेव्हा पत्र साबणवाल्याकडे गेलं आणि त्याला त्यात गिऱ्हाईक दिसलं. आता पत्रं सीबीएसकडे जात होती, आणि सीबीएसकडे त्या वेळेसाठी 'लेट्स मेक अ डील' हा कितीतरी स्वस्त गेम शो तयार होता. ५ ऑक्टोबरपासून तो सुरूही झाला.

शेवटचा भाग १८ सप्टेंबर २००९ ला. रेडिओ आणि टीव्ही मिळून ७२ वर्षं, टीव्हीचेच १५,७६२ भाग. शेवटच्या प्रसंगात रीव्हा आणि जॉश, एकमेकांशी कितीदा लग्न केलं आणि मोडलं याची मोजदाद नसलेलं जोडपं, दीपगृहाजवळ भेटतात आणि जॉशच्या पिकअप ट्रकमध्ये बसतात. तो विचारतो तयार आहेस का, ती एका शब्दात उत्तर देते, ट्रक निघतो. मग 'समाप्त' अशी पाटी. सोपमध्ये ही पाटी कधी लावायची नसते. कोणी मेला तरी उद्याचा भाग असतोच.

खरं सांगायचं तर तो प्रसंग सुंदर दिसतो. खरा ट्रक, खरा रस्ता, खरं ऊन. स्टुडिओत तो असा जमलाच नसता.

नंतर कुणाच्या हाती काय उरलं

शेवटच्या वर्षात ऑलिव्हिया आणि नतालिया या दोन बायकांची प्रेमकथा मालिकेत बहरली होती आणि तिला हट्टी, निष्ठावान प्रेक्षक मिळाला होता. मालिका संपल्यावर ऑलिव्हिया करणाऱ्या क्रिस्टल चॅपेलने तो प्रेक्षक हातचा जाऊ दिला नाही. त्याच डिसेंबरमध्ये तिने नतालियाच्या भूमिकेतल्या जेसिका लेचियाला घेऊन इंटरनेटवर 'व्हेनिस' ही छोट्या भागांची मालिका सुरू केली. बघणाऱ्यांकडून वर्गणी घ्यायची, मधे नेटवर्क नाही, साबण नाही. दोन बायका त्याच, ओढ तीच, नावं मात्र वेगळी. ऑलिव्हिया आणि नतालिया ही पात्रं पी अँड जीची होती. फिलिप्सने १९३२ मध्ये जुन्या आईला नवं नाव दिलं होतं, तसंच हे. २०११ मध्ये 'व्हेनिस'ला एमी मिळाली.

पी अँड जीची उरलेली एकुलती सोप, 'अ‍ॅज द वर्ल्ड टर्न्स', हीही फिलिप्सनेच १९५६ मध्ये सुरू केलेली. ती १७ सप्टेंबर २०१० ला बंद झाली. दुपारी दोनच्या तिच्या जागी 'द टॉक' हा गप्पांचा कार्यक्रम आला. पुढच्या सव्वा वर्षात एबीसीने 'ऑल माय चिल्ड्रन' आणि 'वन लाइफ टू लिव्ह'ही बंद केल्या. आठाच्या चार राहिल्या. २०२२ मध्ये त्यांतली 'डेज ऑफ अवर लाइव्ह्ज' टीव्हीवरून उठून पीकॉक या स्ट्रीमिंगवर गेली.

डिसेंबर २०२४ मध्ये 'द टॉक' बंद झाला. २४ फेब्रुवारी २०२५ ला सीबीएसने दुपारी दोनला एक कोरी सोप आणली, 'बियाँड द गेट्स'. वॉशिंग्टनजवळच्या मेरीलँडमधल्या एका श्रीमंत कृष्णवर्णीय कुटुंबाची गोष्ट, मिशेल व्हॅल जीन या लेखिकेने उभी केलेली, चित्रण अटलांटाजवळ. नेटवर्कवर दिवसाची नवी सोप यायला १९९९ नंतर तब्बल २६ वर्षं लागली. निर्मात्यांच्या नावांत सीबीएस आहे, एनएएसीपी ही नागरी हक्कांची जुनी संघटना आहे, आणि त्यांच्याबरोबर तिसरं नाव आहे, पी अँड जी स्टुडिओज.